दूरच्या ठिकाणीं ठेवलेली प्रत

ज्या गोष्टीची प्रत एकच, ती गोष्ट सुरक्षित नव्हे, याचा अनुभव महाराष्ट्रानें फार पूर्वींच घेतला आहे. म्हाइंभटांनीं सुमारें 1278 सालीं सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या धामधुमींत नाहींशी झाली, असें महानुभाव परंपरा सांगते. पुढें शिष्यांनीं आठवणीच्या आधारें तो ग्रंथ पुन्हां उभा केला. परंतु त्याचे अनेक पाठ झाले आणि मूळ शब्द कोणता, हा प्रश्न कायमचा मागें राहिला. तेथें निदान माणसांची स्मृति उपयोगीं पडली. छायाचित्र हरवलें, तर तें मुखोद्गत असलेला शिष्य कोठून आणावयाचा?

हा प्रश्न आज माजलगांवसारख्या तालुक्याच्या गांवींही उभा आहे. बाजारपेठेंतील छायाचित्रकाराच्या संगणकांत कितीतरी घरांचीं लग्नें, बारशीं आणि आतां हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे सांठलेले असतात. काळजी घेणारा छायाचित्रकार दुसऱ्या हार्ड डिस्कवर नक्कल ठेवतो. पण ती डिस्कही बहुधा त्याच दुकानांतील कपाटांत असते. आग लागली किंवा चोरी झाली, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. म्हणून जाणत्यांचा नियम असा कीं, प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकीं एक तरी दुसऱ्या ठिकाणीं असावी. इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर पाठविलेला बॅकअप ही ती दूरची प्रत होय.

अडचण येते ती वेगाची. इंटरनेटचा वेग मेगाबिटांत सांगतात, फाइलीचा आकार मात्र मेगाबाइटांत मोजतात. आणि 8 बिट मिळून 1 बाइट होतो. शिवाय पुष्कळ जोडण्यांत माहिती उतरवून घेण्याचा वेग मोठा असला, तरी वर पाठविण्याचा वेग त्याहून बराच कमी असतो. आणि बॅकअपला हा दुसराच वेग लागतो. तो सेकंदास 2 मेगाबिट धरला, तर 200 गिगाबाइटांचा सांठा पाठविण्यास अखंड 9 दिवस आणि वर सुमारें 6 तास लागतात. हा हिशेब ऐकून मनुष्य हात टेकतो, आणि काम कायमचें राहून जातें.

परंतु माजलगांवकरांस याचें उत्तर आपल्याच धरणापाशीं सांपडण्यासारखें आहे. सिंदफणेवरील या धरणांत नदीचें पाणी येतेंच. शिवाय पैठणच्या नाथसागरांतून 132 किलोमीटर लांबीच्या उजव्या कालव्यानेंही तेथें पाणी आणतां येतें. जलाशयाच्या मानानें कालवा अगदींच अरुंद. पण तो रात्रंदिवस वाहतो, म्हणून त्याचें पाणी कामीं येतें. संथ वाहिनीचें बळ तिच्या सातत्यांत असतें.

हेंच तत्त्व येथें लावावें. रात्रीं 11 पासून सकाळीं 7 पर्यंत, दुकानाचें काम थांबलेलें असतांना, त्याच वेगानें सुमारें 7 गिगाबाइट जातात. म्हणजे वरील सांठा 28 रात्रींत पुरा होतो. मात्र सर्व सांठ्याची एकच अवाढव्य फाइल करूं नये. मध्यरात्रीं वीज गेली, तर साध्या रीतीनें पाठविलेली अशी फाइल पुन्हां पहिल्यापासून पाठवावी लागते. लहान लहान तुकडे करून, जेथें खंड पडला तेथूनच पुढें चालणारी योजना निवडावी. आधीं काय जावें, हेंही ठरवावें लागतें. जें पुन्हां मिळणार नाहीं तें पहिलें. संगणकाच्या आज्ञावली विकत किंवा फुकट पुन्हां मिळतात, त्या पाठविण्यांत रात्री दवडूं नयेत. छायाचित्रें आणि चित्रफिती बहुधा आधींच आकसून ठेवलेल्या असतात. त्यांना आणखी आंवळून फारसें कांहीं साधत नाहीं.

एकदां पहिली प्रत पोंचली म्हणजे पुढचें काम हलकें होतें. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं 1996 सालीं 'आरसिंक' नांवाची आज्ञावली सिद्ध केली. ती दोन्हीकडील फाइलींचे तुकडे ताडून पाहते आणि बदललेला भाग तेवढाच पाठविते. पहिला मोठा सांठा मात्र हार्ड डिस्कवर घालून परगांवच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवण्यांत कमीपणा नाहीं. 2009 सालीं दक्षिण आफ्रिकेंत 4 गिगाबाइटांचें कार्ड पायाला बांधून एक कबूतर सुमारें 80 किलोमीटर उडविण्यांत आलें. कार्डावरील माहिती संगणकांत उतरवून घेण्यासह सारें काम सुमारें 2 तास 7 मिनिटांत झालें. तेवढ्या वेळांत इंटरनेटच्या तारेवरून शेंकडा 4 भागच पोंचला होता.

दोन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. दोन ठिकाणच्या फाइली सदैव एकसारख्या ठेवणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. येथें चुकून पुसलेलें चित्र ती तेथूनही पुसून टाकते. यासाठीं जुन्या आवृत्त्या कांहीं काळ राखणारी सोय घ्यावी. दुसरें असें कीं, माहिती कुलूपबंद करून पाठविली असेल, तर तिचा परवलीचा शब्द दुकानाबाहेर, विश्वासाच्या माणसापाशींही लिहून ठेवावा.

आणि महिन्यांतून एकदां दूर ठेवलेली एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी. अपलोड पुरें झाल्याची खूण पडद्यावर दिसली, एवढ्यानें काम संपत नाहीं. दहा वर्षांनीं एखादी विधवा आपल्या पतीचें छायाचित्र मागावयास येईल, तेव्हां तें चित्र उघडलें पाहिजे. तें पाठविण्यास किती रात्री लागल्या, हें तिला कोणी सांगणार नाहीं, आणि सांगण्याचें कारणही पडणार नाहीं.