खेळाची भाषा आणि पालकांची अपेक्षा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या विषयाचे ‘क्रीडोपचार’ हे नाव काहीसे जड वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या शाळेच्या अंगणाशी आहे. म्हणून आरंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो.

मी नवशिका शिक्षक असताना दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. विहीर खोल करण्याचे काम चालू असता दरड कोसळून त्याचे वडील गेले. काही दिवसांनी तो शाळेत येऊ लागला. मधल्या सुटीत तो अंगणाच्या कोपऱ्यात लहानसा खड्डा खणी, चिंधी गुंडाळलेली एक काडी दोऱ्याने आत सोडी, ती वर ओढून काढी आणि खड्डा बुजवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कपडे मळतात आणि अभ्यास बुडतो, एवढेच मला दिसले. मी तो खड्डा दगडांनी भरून टाकला आणि सुटीत त्याला पाढे लिहीत बसविले. मुलगा गप्प झाला. शिस्त लागली, असे समजून मी संतुष्ट झालो. जे त्याला शब्दांत सांगता येत नव्हते ते तो मातीत सांगत होता, हे उमजावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

प्रौढ मनुष्य आपले दुःख बोलून हलके करतो. सहा-सात वर्षांच्या बालकापाशी तेवढे शब्द नसतात. खेळ हीच त्याची भाषा. या जाणिवेतून डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली लंडन येथे मुलांसाठी चिकित्सालय काढले आणि वाळूचे तबक व चिमुकल्या वस्तू मुलांपुढे ठेवून त्यांचे मन जाणण्याची रीत बसविली. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी ‘प्ले थेरपी’ हा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध केला. मुलाचा आहे तसा स्वीकार करावा, खेळाची दिशा त्यालाच ठरवू द्यावी, घाई करू नये आणि आवश्यक तेवढेच निर्बंध घालावेत, ही त्यांच्या पद्धतीची मुख्य सूत्रे होत.

खेळातून शिक्षण ही कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाड येथील कार्यामुळे आपल्या परिचयाची आहे. क्रीडोपचार याहून निराळा आहे, कारण तेथे काही शिकवावयाचे नसते. साधारणतः तीन ते बारा वर्षांच्या मुलाला बहुधा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत नेतात. बाहुल्या, घरकुल, प्राणी, वाळू, माती, रंग, डॉक्टरांची खेळण्यातली पेटी असे साहित्य तेथे असते. प्रशिक्षित उपचारक अर्धा-पाऊण तास मुलाबरोबर असतो. मूल जे करील ते तो लक्षपूर्वक पाहतो आणि त्यामागील भावना सोप्या शब्दांत बोलून दाखवितो. स्वतःला वा दुसऱ्याला इजा करावयाची नाही, ही मर्यादा मात्र पक्की असते.

आता पालकांकडे वळू. शहरातील रुग्णालयाची चिठ्ठी हातात घेऊन एखादी आई आपणांस विचारते, “गुरुजी, नुसतं खेळून पोर कसं बरं व्हायचं? आणि किती दिवसांत?” तिला खोटी आशा दाखवू नये आणि निराशही करू नये. पुढील चार गोष्टी तिला समजावून सांगाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, हे गोळीप्रमाणे एक-दोन खेपांत गुण देणारे औषध नव्हे. काही मुलांना थोड्या बैठका पुरतात, तर काहींना कित्येक महिने लागतात. दुसरी अशी की, मध्यंतरी मूल अधिक रडेल किंवा चिडेल. दाबून ठेवलेले बाहेर येत असता असे होऊ शकते. तेवढ्यावरून उपचार सोडू नये; उपचारकास कळवावे. तिसरी गोष्ट, घरी परतताना “आज काय खेळलास? काय सांगितलंस?” अशी उलटतपासणी करू नये. उपचारक पालकांना प्रगती सांगतो, परंतु मुलाचा शब्दन् शब्द सांगत नाही. मुलाच्या सुरक्षिततेस धोका असेल तेव्हा मात्र तो गप्प राहत नाही. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ९३ नियंत्रित अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पालकांना शिकवून त्यांच्याच हातून केलेल्या उपचाराचा परिणाम अधिक आढळला. म्हणून आईबापांनी रोज थोडा वेळ मुलाजवळ बसून, न शिकवता व न रागावता, त्याचा खेळ पाहावा.

मूल ऐकत नसेल, वयाच्या मानाने बोलत नसेल किंवा त्याची समज मागे वाटत असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यास ते मूल आवर्जून दाखवावे.

खेडोपाडी प्रशिक्षित उपचारक मिळणे कठीण आहे, हे मी जाणतो. तरीही आपण स्वतः उपचारक होऊ नये. एकच दुःखाचा खेळ मूल पुनःपुन्हा खेळत असेल आणि त्याला त्यातून विसावा मिळत नसेल, झोप वा भूक उडाली असेल, तर पालकांशी एकांतात बोलावे आणि जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला, तर खोदून प्रश्न विचारू नयेत. २०१२ च्या कायद्यान्वये पोलिसांना कळविणे आपणांवर बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर मदतही मिळते.

त्या मुलाचा खड्डा आज मला पुन्हा दिसला, तर मी तो भरणार नाही. थोड्या अंतरावर बसेन आणि दोरा तुटला तर दुसरा देईन. सायंकाळी त्याच्या घरी जाऊन आईला सांगेन, “ताई, पोर वडिलांना वर काढू पाहतंय. त्याला रागावू नका. आपण दोघं मिळून त्याला मदत करू.”

उद्या मधल्या सुटीत आपल्या अंगणाच्या कोपऱ्यांकडे एकवार पाहावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.