रस्ता १०५ तासांचा, सीमा १३८ तासांची

(बाळापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदा आता वृत्तपत्रांच्या वाचकाला नवीन राहिलेल्या नाहीत. एका रांगेत उभे असलेले नेते, मागे फडकणारे ध्वज आणि शेवटी एक संयुक्त निवेदन. त्या निवेदनात सहकार्य, संपर्क, समृद्धी हे शब्द हमखास असतात. सामान्य माणूस ते वाचतो आणि पान उलटतो. दिल्लीत, ढाक्यात किंवा बँकॉकमध्ये जे ठरते त्याचा मन नदीच्या काठावरील आपल्या गावाशी काय संबंध, असे त्याला वाटते. हा संबंध किती जवळचा आहे, हे पाहणे हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

बाळापूरजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग जुन्या पिढीला ‘सहा नंबर’ म्हणून ठाऊक आहे. आज त्याचा क्रमांक ५३ आहे. परंतु या रस्त्याला आणखीही एक नाव आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. ते म्हणजे आशियाई महामार्ग क्रमांक ४६. धुळ्याहून वऱ्हाड, नागपूर, रायपूर या वाटेने तो बंगालमधील खडगपूरकडे जातो. तेथून कोलकाता, आणि पुढे आशियाई महामार्ग क्रमांक १ पेट्रापोलच्या नाक्यावरून बांगलादेशात शिरतो. आशियाई महामार्गांचे हे जाळे आखणारा आंतरशासकीय करार १८ नोव्हेंबर २००३ रोजी बँकॉकमध्ये संमत झाला. एप्रिल २००४ मध्ये शांघाय येथे त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या, त्यात भारतही होता. ४ जुलै २००५ पासून तो अंमलात आला. म्हणजे अकोल्याला जाण्यासाठी आपण ज्या रस्त्यावर एसटीत बसतो, तोच रस्ता एका आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात नोंदलेला आहे.

करार जुनेच, सही मात्र दुसऱ्याची

दूरच्या करारांनी वऱ्हाडाचे भवितव्य ठरावे, ही गोष्ट नवी नाही. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील संपन्न परगण्यांमध्ये बाळापूरची गणना आहे. येथील सतरंज्या, पागोटी आणि हातकागद यांचा एकेकाळी लौकिक होता. १८५३ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला. कर्ज निजामाचे, सावकार कंपनी आणि गहाण पडला तो वऱ्हाड! ज्याच्या जमिनीवर हा व्यवहार झाला त्या वऱ्हाडी शेतकऱ्याला त्या बैठकीत जागा नव्हती.

पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये ते युद्ध संपले आणि भाव कोसळले. याच दशकात मुंबईहून नागपूरकडे रेल्वे गेली, ती मुख्यतः कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी. हा लोहमार्ग बाळापुरातून न जाता उत्तरेकडून, पारसवरून गेला. व्यापार अकोल्याला आणि खामगावला एकवटला. ज्या गावाला किल्ला होता, बाजार होता, कारागीर होते, त्याला काही मैलांच्या अंतराने मागे टाकले. मार्गाची रेघ नकाशावर कोठून ओढली जाते, यावर गावांचे दैव कसे फिरते याचे दुसरे उदाहरण शोधण्यासाठी बाळापूरकरांनी दूर जाण्याचे कारण नाही.

त्या काळी आपण परतंत्र होतो. आज करारावर सही करणारे सरकार आपले आहे. म्हणूनच आज अज्ञान परवडणारे नाही.

रस्ता झाला, पुढे काय?

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या मार्गावर, याच महामार्ग क्रमांक ५३ वर, एक विक्रम झाला. ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरी थर घालण्यात आला. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. पूर्वीचा विक्रम कतारच्या नावावर होता. रात्रंदिवस राबलेल्या अभियंत्यांचे आणि मजुरांचे हे कर्तृत्व वऱ्हाडच्या भूमीवर घडले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

आता दुसरा आकडा पाहा. जागतिक बँकेने मार्च २०२१ मध्ये भारत-बांगलादेश वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार पेट्रापोल-बेनापोल ही सीमा ओलांडण्यास मालाला १३८ तास लागत होते. त्यांपैकी २८ तास केवळ एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात भरण्यात जात होते. कारण भारतीय ट्रक बेनापोलच्या आवारापलीकडे जाऊ शकत नाही. पूर्व आफ्रिकेत अशाच प्रकारच्या सीमेवर सहा तासांहून कमी वेळ लागतो, अशी तुलनाही त्या अहवालात आहे.

या दोन आकड्यांतच सारा विषय सामावलेला आहे. ७५ किलोमीटरचा थर घालण्यास १०५ तास आणि एक नाका ओलांडण्यास १३८ तास! डांबर, खडी आणि यंत्रे पैशाने मिळतात. नाक्यावरचे फाटक उघडण्यासाठी मात्र दोन देशांच्या कायद्यांचा, कागदपत्रांचा आणि विश्वासाचा मेळ बसावा लागतो. शिखर परिषदांचे खरे काम ते आहे.

वऱ्हाडच्या संत्र्याने ही गोष्ट पुरेपूर अनुभवली आहे. वरूड-मोर्शीच्या बागांतील संत्र्याचा मोठा विदेशी ग्राहक बांगलादेश. २०१९ मध्ये तेथे संत्र्यावर किलोमागे २० टका आयात शुल्क होते. ते दरवर्षी वाढत २०२३ मध्ये ८८ टका झाले. निर्यात घसरली, फळ देशातल्याच बाजारात साचले आणि भाव पडले. अखेर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाला आयात शुल्काच्या निम्म्या रकमेइतके अनुदान जाहीर करावे लागले. म्हणजे शुल्क ढाक्याने लावले आणि त्याचा भार मुंबईच्या तिजोरीने उचलला. याउलट, २०११ पासून भारताने मद्य व तंबाखू वगळता बांगलादेशच्या जवळजवळ सर्व मालाला शुल्कमुक्त प्रवेश दिलेला होता. शेजारधर्म पाळताना आपल्या बागाईतदाराच्या एका फळाची गोष्ट चर्चेच्या मेजावर ठामपणे मांडली गेली पाहिजे, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

परिषदा का अडतात?

दक्षिण आशियातील सार्क संघटना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे स्थापन झाली. मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ करार जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि २००६ पासून लागू झाला. परंतु प्रत्येक देशाने आपली ‘संवेदनशील सूची’ जोडली आणि ज्या वस्तूंचा खरोखर व्यापार व्हायचा त्यांपैकी कित्येक त्या सूचीतच जाऊन बसल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या शिखर परिषदेत मोटार वाहतुकीचा करार पाकिस्तानमुळे अडला. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही. एकीकडे दहशतवाद पोसायचा आणि दुसरीकडे व्यापाराच्या गोष्टी करायच्या, हे चालणार नव्हते.

मग १५ जून २०१५ रोजी थिंपू येथे बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ या चौघांनी वाहन करार केला. त्यालाही २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने संमती नाकारली. इवल्याशा देशात परक्या ट्रकांची रांग लागेल, निसर्गावर ताण येईल, ही त्यांची भीती होती. ती समजून घेतली पाहिजे. आपल्या सार्वभौमत्वाबद्दल आपण जितके जागरूक आहोत, तितकाच लहान शेजारीही असतो.

आपली जागरूकता मे २०१७ मध्ये जगाने पाहिली. चीनने बीजिंगमध्ये ‘बेल्ट अँड रोड’ची भव्य परिषद भरवली. भारत तेथे गेला नाही. चीन-पाकिस्तान मार्गिका गिलगिट-बाल्टिस्तानमधून, म्हणजे भारताच्या भूमीतून, भारताला न विचारता नेण्यात आली होती. रस्ता कितीही रुंद असला तरी तो घरमालकाच्या अंगणातून परवानगीवाचून काढता येत नाही. पुढे ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीतील जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेची घोषणा झाली. अवघ्या महिन्याभरात, ७ ऑक्टोबरला, इस्रायलवर हल्ला झाला आणि युद्ध पेटले. घोषणेचा उत्साह आणि भूमीवरचे वास्तव यांत किती अंतर असते, ते तेव्हा दिसले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरच्या ‘अंतपाल’ नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्याकडून तो मार्गाचा कर घेई. पण वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला तर भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच असे. कर घ्यायचा तर हमी द्यायची, हा त्यातील विचार. आजच्या करारांनाही हीच कसोटी लावता येईल.

पांढरे सोने आणि परिशिष्टातली ओळ

बाळापूर तालुक्यात संत्र्यापेक्षा कापूस अधिक. त्याचा भाव तर थेट परिषदांशी बांधलेला आहे. सप्टेंबर २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेची कानकून परिषद मोडली. श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी तेथे आवाज उठवला होता. अमेरिकेतील बड्या बागाईतदाराला सरकार पैसा पुरवते, जगात भाव पडतो आणि त्याचा फटका मालीच्या शेतकऱ्याला बसतो तसाच वऱ्हाडातल्यालाही. २०१५ च्या नैरोबी परिषदेत श्रीमंत देशांची कापसावरील निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले. देशांतर्गत अनुदानांचे दुखणे मात्र तसेच राहिले. हत्ती गेला, शेपूट राहिले असे नव्हे, तर शेपूट गेले आणि हत्ती राहिला!

आपल्याकडेही २०२१ पासून कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. कापड उद्योगाला आधार म्हणून केंद्राने कापसाचे आयात शुल्क आधी सप्टेंबरपर्यंत आणि नंतर डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत स्थगित केले. गिरणीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच वऱ्हाडात वेचणीचा कापूस घरी येतो, हेही तितकेच खरे. गिरणी जगली पाहिजे आणि शेतकरीही जगला पाहिजे. एकाचे औषध दुसऱ्याचे विष होत असेल, तर मात्रा ठरवताना दोघांनाही विचारले पाहिजे.

याचा अर्थ करारांकडे पाठ फिरवावी असा नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये ‘आरसेप’ करारातून भारत बाहेर पडला, तेव्हा शेतकरी आणि लघुउद्योजक यांचे हित समोर ठेवले होते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात लांब धाग्याच्या कापसाला शुल्कमुक्त प्रवेश दिला, पण ५१ हजार टनांची मर्यादा घालून. नाही म्हणता येते आणि मोजून होही म्हणता येते, हे या दोन उदाहरणांनी दाखवले.

तीन प्रश्न

म्हणून यापुढे एखाद्या परिषदेची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारण्याची सवय घरोघरी लागली पाहिजे. पहिला, या करारातील सूचीत आपल्या भागातला माल कोठे आहे? दुसरा, नाक्यावर किती तास आणि किती शुल्क वाचणार आहे? तिसरा, समोरच्याने शब्द फिरवला तर भरपाई कोण करणार?

ही उत्तरे दिल्लीहून आपोआप चालत येत नाहीत. शेतकरी उत्पादक कंपन्या, बाजार समित्या, वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक यांनी एकत्र बसून परिशिष्टे वाचावीत, त्यांचे सोपे मराठी टिपण करावे आणि खासदारांच्या हाती द्यावे. संसदेत प्रश्न विचारला जायचा तर तो आधी गावात तयार व्हावा लागतो. १८५३ मध्ये वऱ्हाडावर तह झाला तेव्हा बाळापूरला कोणी विचारले नाही. आज विचारण्याची व्यवस्था आहे. तिचा वापर न करणे हा दोष मात्र दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही.

महामार्ग दारावरून गेला आहे. त्यावरून केवळ इतरांचे ट्रक धावतात की वऱ्हाडचे सूत, संत्री आणि सतरंजीही सीमेपार जाते, याचा निर्णय निम्मा परिषदेच्या मेजावर होतो आणि निम्मा आपल्या जागरूकतेवर. पहिला निम्मा नीट व्हावा, यासाठी दुसरा निम्मा आपण सिद्ध ठेवला पाहिजे.