अर्धवट काम घेऊन या



अध्यक्षीय भाषणात शैक्षणिक संशोधनाच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, अशी अधिवेशनाच्या संयोजकांची सूचना आहे. एम. बी. बुच यांनी बडोद्याहून १९७४ साली देशातल्या अशा संशोधनाचा पहिला आढावा काढला. त्यानंतर प्रबंधांचे ढीग वाढले, हे सांगितले की माझा आढावा संपला. तक्रार मात्र बरीच वर्षे साठली आहे.

आपल्या परिषदांत चालू असलेल्या कामाला जागा नाही. शाळा जूनमध्ये भरते, वर्गातला प्रयोग दिवाळीनंतर कुठे अंग धरतो, आणि आपण ऑक्टोबरातच गोषवारा मागतो, तोही निष्कर्षासकट! मग निष्कर्ष आधी लिहिला जातो आणि माहिती त्याच्या मापाने गोळा होते. पीएच.डी.साठी परिषदेत दोन सादरीकरणे हवीत, असा नियम यूजीसीने २०१६ मध्ये घातला. २०२२ मध्ये ती सक्ती गेली. सवय गेली नाही. दहा मिनिटे, घंटा, प्रमाणपत्र, जेवण.

सकाळच्या परिसंवादात ‘संख्यात्मक की गुणात्मक’ यावर बराच खल झाला. माझ्यापुरता हा वाद फार पूर्वी, अशाच एका सभागृहात मिटला. आश्रमशाळेतल्या एक बाई अपूर्णांकांवरचे काम मांडत होत्या. पाचवीची एक तुकडी कागदी पट्ट्यांनी शिकली, दुसरी फळ्यावर. मधल्या चाचणीत दोन्ही तुकड्या सारख्याच सुधारल्या. बाईंनी शोध घेतला, तर मुले एकाच वसतिगृहात राहणारी. रात्री जुन्या वह्यांची पाने फाडून पट्ट्या व्हायच्या आणि एक तुकडी दुसरीला शिकवायची. सत्राध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमचा नियंत्रित गट बिघडला. निष्कर्ष आला की या.”

बिघडला? अहो, त्या दिवशी त्या सभागृहात कळण्यासारखे तेवढे एकच होते! आकड्यांनी बाईंना थांबवले, वसतिगृहाने कारण सांगितले; यातले कोणते वगळायचे? पुढे त्यांनी एकमेकींपासून लांबच्या दोन शाळा घेतल्या, टी-मूल्य सार्थ आले, पदवी मिळाली. प्रबंध मी वाचला आहे. वसतिगृहावर त्यात एक ओळ नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात गेली. यातले आधी काय ठरले होते? आमच्या छाननी समितीने त्यांना शून्य परिकल्पना विचारली असती आणि गोषवारा परत धाडला असता.

अपुरे काम मांडले तर दर्जा घसरेल, असे काही सहकारी म्हणतात. पूर्ण म्हणून मांडलेल्या कामांचा दर्जा आपण दोन दिवस ऐकतोच आहोत. कल्पना चोरीला जाईल, ही भीतीही ऐकली. आपल्याकडे दुसऱ्याचे सत्र ऐकायला थांबतो कोण, की चोरी व्हावी?

पुढच्या अधिवेशनात चालू कामांसाठी एक सत्र असावे. तिथे मांडणी थोडी आणि चर्चा जास्त व्हावी. एखादा जुना संशोधक आणि एखादा प्राथमिक शिक्षक शेजारी बसवावा. वेळ, जागा, निवड हे कार्यकारिणीने पाहावे, माझ्याकडे आराखडा तयार नाही. एकच अट घालतो. त्या सत्राचे प्रमाणपत्र कोणालाही देऊ नये.