रक्त दिसतं, डोक्याचा मार दिसत नाही

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून बोलतोय. शेजारची दोन मुलं बॉक्सिंग शिकतात. परवा त्यांच्या आईने विचारलं, "काका, रक्त आलं तर काय करायचं?"

रक्ताला घाबरू नका. दोन फेऱ्यांमध्ये एकच मिनिट मिळतं. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरायची, सारखी उचलून बघायची नाही. सूज आली तर थंड धातू दाबायचा, चोळायचं नाही. २०२१ मध्ये टोकियोला आपल्या लष्कराचा सतीश कुमार १३ टाके घेऊन उपांत्यपूर्व फेरीत लढला. पण ते टाके डॉक्टरांना दिसत होते.

भीती न दिसणाऱ्या माराची. आमच्या पलटणीतल्या एका लढतीत एक जवान खाली पडला, आठ आकड्यांच्या आत उठला. पाय किंचित लटपटत होते. त्याच्या कोपऱ्यात मी होतो. विचारलं, "ठीक हो?" "हां साहब." मी लढू दिलं. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. तो वाचला, पण पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही.

जवान साहेबाला 'नाही' म्हणत नाही. मुलंही गुरुजींना म्हणत नाहीत. म्हणून विचारा: कितवी फेरी? समोर कोण? नजर बघा, पाय बघा. शंका आली की लढत थांबवा. पुढचे दोन दिवस वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर थेट इस्पितळ गाठा.

त्या दिवशी टॉवेल माझ्या खांद्यावरच होता. मी फेकला नाही. तुम्ही फेका.

जय हिंद.