टोबीतचा उतारा, आजीचं शास्त्र आणि आमचं लग्न

मी बोलतोय महाळुंग्यातून. बालेवाडीजवळचं नव्हे बरं का, आमचं चाकण एमआयडीसीतलं महाळुंगे. सेकंड शिफ्ट करून आत्ताच रूमवर आलोय, रूममेट झोपलाय, म्हणून आवाज जरा हळू आहे. हेडफोन लावा.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या अंगावर आलाय. माझं लग्न ठरलंय. मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट घरातला. ती वसईची, कॅथलिक. एकाच कंपनीत आहोत, ती क्वालिटीत, मी मशीन शॉपला. मित्र म्हणतात, "दोघं ख्रिश्चन, मग अडचण कसली?" अडचण एका उताऱ्याची आहे.

लग्नविधीत बायबलमधले उतारे वाचतात. फादरांनी दिलेल्या यादीतून तिने एक निवडला, टोबीत नावाच्या पुस्तकातला. मी हौसेने आजीला फोन केला. मला आजीनेच वाढवलंय, त्यामुळे आधी तिला सांगायचं, हा नियम. आजी म्हणाली, "कुठलं पुस्तक? परत सांग." मग पानं उलटल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाळा, आपल्या शास्त्रात असं पुस्तकच नाही. तुम्ही ते वाचणार असाल तर मी जेवायला येईन, पण विधीला बसणार नाही."

झालं. पाचशे वर्षांचं भांडण आमच्या पत्रिकेवर येऊन बसलं.

तर आधी हे भांडण काय आहे ते समजून घेऊ. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा आहे, आणि टोबीत त्यातलंच एक. ही सात पुस्तकं ग्रीक भाषेतल्या जुन्या करारात होती, पण यहुदी लोकांनी मानलेल्या हिब्रू संग्रहात नव्हती. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत जेरोमलाही त्यांच्याबद्दल शंका होती. पण चर्चमध्ये ती वाचली जात राहिली.

मग १५१७ साली मार्टिन लूथर उभा राहिला. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देण्याचा व्यवहार चालला होता, त्याच्याविरुद्ध. त्याचा प्रश्न साधा होता: हे शास्त्रात कुठे लिहिलंय? तिथून प्रोटेस्टंटांचं तत्त्व पक्कं झालं की अंतिम अधिकार फक्त पवित्र शास्त्राचा. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत उत्तर दिलं: शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारायची. आणि ती सात पुस्तकंही शास्त्रच.

आता हे आपल्या भाषेत सांगतो. शॉपमध्ये ड्रॉइंग असतं. त्यावर माप, टॉलरन्स सगळं छापलेलं. पण जॉब क्लॅम्प कसा करायचा, कुठे हात हलका ठेवायचा, हे ड्रॉइंगवर नसतं. ते जुना ऑपरेटर शिकवतो. आता समजा, जुना ऑपरेटर सांगतो एक आणि ड्रॉइंग म्हणतं दुसरं. कोणाचं ऐकायचं? प्रोटेस्टंट म्हणतो, ड्रॉइंगचं. सवय कितीही जुनी असो, ऑडिटला ड्रॉइंगच चालतं.

हे मी तिला कँटीनमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर. पण ड्रॉइंग काढलं कोणी? ते आकाशातून पडलं का? आणि वाचायला कोणी शिकवलं तुला?"

मी गप्प. कारण तिचा मुद्दा खरा आहे. नव्या करारात कोणती २७ पुस्तकं असावीत याची यादी नव्या करारात कुठेच नाही. बरोब्बर ही २७ नावं आपल्याला पहिल्यांदा सापडतात ती ३६७ सालच्या एका पत्रात, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या. म्हणजे माझी आजी ज्या शास्त्राच्या जोरावर परंपरा नाकारते, त्याची अनुक्रमणिका परंपरेनेच हातात दिलीय. २५ डिसेंबर ही तारीख तरी शास्त्रात कुठे आहे?

पण थांबा, आजीची बाजूही तितकीच भक्कम आहे. त्यासाठी आपल्याच मातीतली एक बाई आठवा: पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर अँग्लिकन होत्या, पण चर्चचा अधिकार आणि परंपरा यांना फार मानणाऱ्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंची पत्रांतून जोरदार वादावादी झाली. चर्च शिकवतं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याचं मानेवर कशाला घेऊ, असा त्यांचा सूर होता. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. साध्या बायकांनी मध्ये कोणी न घेता स्वतः वाचावं म्हणून. १९२२ ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मागे १९२४ ला छापून आलं.

माझी आजी शाळेत फार गेली नाही. ती वाचायला शिकली ती शास्त्र वाचता यावं म्हणून. 'कुठे लिहिलंय?' असं विचारायची ताकद तिला त्या पुस्तकाने दिली. ती अशी कशी सोडेल?

आणि कॅथलिकांनी मराठीत काही दिलं नाही असं अजिबात नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ चं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. म्हणजे गोष्ट सांगून, गाऊन पोहोचवायची. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं, आणि २०२० ला ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आता टोबीतकडे परत. मी वाचत गेलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, लूथरने ही पुस्तकं फेकून दिली नव्हती. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापलीत. शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली आणि उपयोगी, अशी नोंद देऊन. दुसरी गोष्ट, आजीच्या बायबलमधून ती पूर्ण गायब आहेत, यामागे लंडनचा एक निर्णयही आहे. १८२० च्या दशकात तिथल्या बायबल सोसायटीत यावर मोठा वाद झाला आणि ही पुस्तकं असलेल्या बायबलला पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं. आपल्याकडची बायबलं बहुतेक सोसायट्यांच्याच मदतीने छापली गेली.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "लूथरचं राहू दे. त्यात काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. तोबिया आणि सारा यांच्या लग्नाची रात्र. साराचे आधीचे सात नवरे लग्नाच्याच रात्री मेलेले. आठवा हा. दोघं अंथरुणातून उठतात आणि मिळून प्रार्थना करतात: देवाने आदामाला एकटं ठेवलं नाही, आमच्यावरही दया कर, आम्हाला सोबत म्हातारं होऊ दे.

आजी बराच वेळ बोलली नाही. आजोबा जाऊन खूप वर्षं झाली. मग म्हणाली, "प्रार्थना चांगली आहे रे. पण वाचून झाल्यावर ते 'प्रभूचा शब्द' म्हणतात ना? तेवढं मला म्हणता यायचं नाही. खोटं कसं म्हणू?"

मला तेव्हा कळलं, आजी हट्ट करत नव्हती. जे मानत नाही ते देवासमोर तोंडाने म्हणायचं नाही, एवढंच तिचं होतं. आणि माझ्या होणाऱ्या बायकोसाठी ते वाक्य गाळणं म्हणजे स्वतःची श्रद्धा गाळणं. दोघी खऱ्या.

शेवटी मार्ग तिनेच काढला. म्हणाली, "ती दोघं चर्चमध्ये कुठे प्रार्थना करतात? खोलीतच करतात ना? मग आपणही खोलीतच करू." विधीत आता पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय वाचायचा, तो दोघांच्या बायबलमध्ये आहे. टोबीत आम्ही दोघं वाचणार, त्या रात्री. आजी विधीला येतेय.

पण खरं सांगतो, यात सोडलं ते तिने. मी काहीच सोडलं नाही. आणि पुढचा प्रश्न तर बाकीच आहे. अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा आणि ती त्याच श्रद्धेत वाढावीत म्हणून होईल तेवढं करीन, असं वचन तिला द्यावं लागतं आणि ते मला कळवलं जातं. तिने ते दिलंय. मी अजून आजीला सांगितलेलं नाही. तेव्हा सोडायची पाळी कदाचित माझी असेल.

१९६५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसभेने म्हटलं की शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून येतात, आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. लूथरच्या माणसांना यातलं अर्धं तरी पटावं. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, ते बहुतेक आमच्यासारख्या घरांत, स्वयंपाकघरात ठरेल.

तुमच्या घरात असा 'कुठे लिहिलंय?' विरुद्ध 'आपल्यात असंच असतं' वाद झालाय का? कुठल्याही धर्माचा चालेल. व्हॉइस नोट पाठवा. उद्या पुन्हा सेकंड शिफ्ट आहे, आता झोपतो. भेटू पुढच्या भागात.