एक सेंटिमीटर म्हणजे किती?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



भारताचा समुद्रकिनारा किती लांब, असं विचारलं तर ज्याचा शाळेत भूगोल बरा होता तो माणूस झटकन सांगेल, साडेसात हजार किलोमीटर. नेमका आकडा 7,516.6. आमच्या पिढीने तो पाठ केला आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी त्यावर गुण मिळवले. आता केंद्र सरकारचाच नवा आकडा आहे 11,098.81 किलोमीटर. साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त वाढ! गुजरातचा किनारा 1,214 वरून 2,340 वर गेला, पश्चिम बंगालचा 157 वरून 721 वर. आपल्या महाराष्ट्राच्या 652 चे झाले सुमारे 878, आणि गोव्याच्या 101 चे 194. गोवा जवळपास दुप्पट झाला म्हणा ना.

बातमी वाचून मला एकाने विचारलं, एवढी भर घातली कुठे? भर घातलेली नाही आणि समुद्रही मागे हटलेला नाही. मुंबईत थोडीफार भर पडत असते, पण या हिशेबात ती दिसणारसुद्धा नाही. जुनी मोजणी 1970 च्या दशकातली, 1:45,00,000 या प्रमाणाच्या नकाशावरून केलेली. नव्या मोजणीसाठी 2011 सालच्या भरतीरेषेचा आधार घेतला आणि नकाशे वापरले 1:2,50,000 या प्रमाणाचे. बदलला तो मुख्यतः कागद.

आता हे आकडे जरा हाताळून बघू. 1:45,00,000 म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरच्या 45 किलोमीटरांच्या जागी उभा आहे. त्या हिशेबाने वर डहाणूपासून खाली वेंगुर्ल्यापलीकडे तेरेखोलपर्यंतचा आपला सगळा किनारा जुन्या कागदावर बसतो साडेचौदा सेंटिमीटरांत. कंपासपेटीतली पट्टी त्याहून मोठी असते. नव्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, आणि तोच किनारा होतो साडेतीन मीटर. साडेचौदा सेंटिमीटरांत जे दाखवता येत नाही त्यातलं पुष्कळसं साडेतीन मीटरांत दाखवता येतं. वाढलेले किलोमीटर तिथून आले.

दाभोळचं उदाहरण घ्या. वाशिष्ठी नदी तिथे समुद्राला मिळते. उत्तर तीरावर दाभोळ, दक्षिणेला धोपावे, मध्ये फेरीबोट. जुन्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. खाडी तिथे एवढी रुंद नाहीच. त्यामुळे पेन्सिलीची रेघ दाभोळवरून सरळ धोपाव्याला जाते आणि खाडी तिच्याखाली बुजते. अडीच लाखांच्या नकाशावर तिथे तोंड उघडतं, रेघ एका काठाने आत शिरते, वळणं घेत जाते आणि दुसऱ्या काठाने परत बाहेर येते. बाणकोट, जयगड, विजयदुर्ग, सगळीकडे हेच. गोव्यात तर मांडवी आणि जुवारी दोघी मिळून किनाऱ्याला एवढं आत खेचतात की तिथला आकडा दुपटीच्या जवळ गेला यात नवल वाटायला नको. बंगालमध्ये सुंदरबन आहे, म्हणजे बोलायलाच नको.

इथे दरवर्षी वर्गात होणारा गोंधळ सांगतो. मुलांना विचारलं की जगाचा नकाशा बृहत्प्रमाणाचा की लघुप्रमाणाचा, तर निम्मा वर्ग ओरडतो, ‘बृहत्!’ जग मोठं, भिंतीवरचा कागद मोठा, म्हणून प्रमाणही मोठं. उत्तर नेमकं उलटं आहे, आणि त्यासाठी प्रमाणाकडे अपूर्णांक म्हणून बघावं लागतं. चतकोर भाकरी आणि भाकरीचा सोळावा तुकडा यांत मोठं काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तसंच 1/5,000 हा अपूर्णांक 1/45,00,000 पेक्षा मोठा. म्हणून तुमच्या गावाचा नकाशा बृहत्प्रमाणाचा आणि जगाचा लघुप्रमाणाचा. कागदाच्या आकाराशी त्याचा काही संबंध नाही.

महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे 800 किलोमीटर आहे. दहा लाखांस एक या प्रमाणावर तो 80 सेंटिमीटर होतो, शाळेच्या भिंतीवर छान मावतो. पन्नास हजारांस एक केलात तर 16 मीटर. आणि पाच हजारांस एक म्हणाल तर 160 मीटर. तो मैदानावर पसरावा लागेल आणि बघायला वर चढावं लागेल! म्हणून बृहत्प्रमाणाचे नकाशे तुकड्यांत काढतात. भारतीय सर्वेक्षण विभाग ही 1767 सालापासूनची संस्था. तिचे पूर्वीचे नकाशे मैलाला एक इंच असे असत, म्हणजे 1:63,360, कारण एका मैलात तेवढे इंच. मेट्रिक पद्धत आल्यावर त्यांचे 1:50,000 झाले. एकेका पत्रकात पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश. साडेअठरा अंशांची रेघ पुण्यात स्वारगेटच्या आसपास जाते, त्यामुळे जुन्या क्रमांकांप्रमाणे शनिवारवाडा 47 एफ/14 या पत्रकात आणि पर्वती 47 एफ/15 मध्ये. शनिवारवाड्यावरून पर्वतीला जायचं तर पुणेकराला दोन नकाशे लागतात. पेशव्यांचं कसं भागलं कोण जाणे.

या 1:50,000 च्या पत्रकावरही सगळं असतं असं समजू नका. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर 25 मीटर. दुपदरी रस्ता सात मीटरांचा. तो खऱ्या रुंदीने काढला तर दिसणारच नाही, म्हणून फुगवून काढतात. रस्ता फुगला की कडेची घरं बाजूला सारावी लागतात. रस्त्याला खेटून नदी आणि नदीला खेटून रेल्वे असेल तर नकाशाकाराची खरी परीक्षा. तिघांपैकी कुणाला आपल्या जागी ठेवायचं आणि कुणाला सरकवायचं हे तो ठरवतो. बारीक ओढे गाळतो, चार वाड्यांचा एक ठिपका करतो. याला आम्ही सामान्यीकरण म्हणतो. सोप्या भाषेत, नियम पाळून केलेली लबाडी. ती केली नाही तर नकाशा वाचता येत नाही.

मग किनाऱ्याची खरी लांबी किती? लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला याच जातीचं कोडं पडलं होतं. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सीमा एकच, पण स्पेनच्या लेखी ती 987 किलोमीटर आणि पोर्तुगालच्या लेखी 1,214. त्याने नकाशांवर कर्कटकाची पावलं लहान-मोठी करून मोजलं. पाऊल लहान केलं की वाकड्यातिकड्या रेषेची लांबी वाढते. ती कुठे थांबेल म्हणावं तर थांबायचं नावच घेत नाही. हे काम त्याच्या मृत्यूनंतर 1961 मध्ये छापून आलं, आणि 1967 मध्ये बेन्वा मँडेलब्रॉटने ब्रिटनचा किनारा किती लांब, असाच प्रश्न शीर्षकात घालून त्यावर लेख लिहिला. तेव्हा 7,516 चूक आणि 11,098 बरोबर, असं मी म्हणणार नाही. उद्या कुणी 1:25,000 वर मोजलं तर हाही आकडा मागे पडेल. माझी तक्रार एवढीच की पाठ्यपुस्तकात लांबी छापतात आणि प्रमाण छापत नाहीत. शिवाय जुन्या लांबीवर काढलेली किनाऱ्याच्या धुपीची टक्केवारी नव्या लांबीवर काढलेल्या टक्केवारीशेजारी मांडली तर धूप कमी न होताच कमी झाल्यासारखी दिसेल.

आता समुद्र सोडून शेताकडे येऊ, कारण या सभागृहात सातबारावाले बरेच असणार. मुंबई इलाख्यातले कित्येक जुने गावनकाशे मैलाला आठ इंच असे आहेत, म्हणजे 1:7,920. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट. त्याची एक बाजू या नकाशावर येते सव्वा मिलिमीटर. बांधाची रेघ अर्धा मिलिमीटर धरली तर तिच्या पोटात जमिनीवरचे चार मीटर आहेत. शंभर मीटर लांबीच्या बांधावर ती रेघ जवळपास चार गुंठे खाते. कोण बरोबर, तुम्ही की शेजारी? नकाशा सांगणार नाही, दोघंही रेघेच्या आतच आहात.

आणि हल्ली लोक काय करतात, तर हा गावनकाशा मोबाईलवर उपग्रहाच्या चित्रावर चढवतात आणि दोन बोटांनी मोठा करत नेतात. खाली आंब्याचं एकेक झाड दिसतं, त्यामुळे वरची रेघही तितकीच चोख आहे असं वाटतं. चित्र मोठं झालं, पण रेघ जन्मली 1:7,920 वर आणि तिची अचूकता तिथेच राहिली. लघुप्रमाणाचा नकाशा कितीही ताणला तरी तो बृहत्प्रमाणाचा होत नाही. झेरॉक्स काढतानाही हेच. कोपऱ्यात 1:50,000 छापलेलं पत्रक दीडपट मोठं केलं की तो आकडा खोटा ठरतो. शेजारी काढलेलं रेषाप्रमाण, म्हणजे अंतरांच्या खुणा असलेली पट्टी, मात्र नकाशाबरोबर वाढतं, म्हणून ते खरं राहतं. आत्ता या पडद्यावर दाखवलेल्या पत्रकातही तुम्ही फक्त त्या पट्टीवर भरवसा ठेवा.

गंमत अशी की बांधाच्या वादात मोजणीदार ज्या कागदाकडे जातो तो प्रमाणात काढलेलाच नसतो. मूळ टिपण म्हणजे शेताचा हाताने काढलेला आराखडा, आणि त्यावर मापं आकड्यांनी लिहिलेली. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालतं, कारण अंतर रेघेवर मोजायचं नसतं, वाचायचं असतं. गावठाणातली घरं सातबाऱ्याबाहेरची, त्यांचे नकाशे आता 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनवरून 1:500 ने होत आहेत. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर, आणि फूटभर जाडीची भिंतसुद्धा अर्ध्या मिलिमीटरहून जाड उमटते.

किनाऱ्यावर मात्र घराचा निकाल रेघेवरच लागतो. समुद्रालगत बांधकाम कुठे करता येईल हे ठरवणाऱ्या किनारी नियमन क्षेत्राचे नकाशे 1:25,000 वर होतात. 2011 च्या अधिसूचनेने स्थानिक पातळीसाठी 1:3,960 किंवा त्याच्या जवळचं प्रमाण सांगितलं. हा विचित्र आकडा जुन्या इंचांचाच वारसा, मैलाला सोळा इंच. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी भरतीरेषेपासून 50 मीटरांचा ना-विकास पट्टा आहे. 1:25,000 वर अर्ध्या मिलिमीटरची भरतीरेषा म्हणजे साडेबारा मीटर, त्या पट्ट्याचा पाव भाग. कोळीवाड्यात तेवढ्यात घर आणि मासळी वाळत घालायची जागा दोन्ही बसतात. मूळ नकाशा 1:3,960 वर तयार केला असेल तर हीच रेघ दोन मीटरांवर येते.

म्हणून अशा नकाशांच्या जनसुनावणीत भिंतीवर मोठा फलक लावलेला दिसला की खाली छापलेलं प्रमाण वाचून थांबू नका. भरतीरेषा मुळात कोणत्या प्रमाणाच्या नकाशावर आखली आणि फलकासाठी ती नुसती मोठी केली का, हे विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.