वाघ दिसला का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या ताडोबा सहलीविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. सहलीहून आल्यापासून आम्हां अठराजणींना आळीत एकच प्रश्न विचारला जातो, "वाघ दिसला का?" त्याचे उत्तर आधीच देऊन टाकते. दिसला! आता बाकीचे तुम्ही स्वस्थपणे ऐकाल.

मार्च महिना होता. चंद्रपूरहून पहाटेच निघून आम्ही मोहर्लीच्या दरवाजाशी पोचलो. मोबाईल बाहेरच ठेवावे लागले. एकेका जिप्सीत सहाजणी बसलो. आमच्या गाडीत वाट दाखवायला जवळच्याच गावची एक तरुण गाईड होती. तिने पहिलीच सूचना दिली, "जंगलात बोलायचं नाही जी." महिला मंडळाला ही शिक्षाच! पण आम्ही ती निभावली.

साग आणि बांबूचे ते रान. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन आणि पांढऱ्या खोडाचा कांडोळ तिने दाखवला. पुढे ताडोबा तलाव लागला. तारू नावाचा गोंड प्रमुख येथे वाघाशी झुंजताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी कथा आहे. त्या देवावरूनच ताडोबा हे नाव पडले. पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरते. 1955 साली हे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे जामणी, नवेगाव अशी गावे जंगलाबाहेर नेऊन वसवण्यात आली. जिथे घरे होती, तिथे आता कुरणे आहेत आणि चितळे चरतात.

परतताना वानरांनी एकाएकी खाकरायला सुरुवात केली. गाडी थांबली. आम्ही श्वास रोखून बसलो. बांबूतून एक वाघीण निघाली, रस्ता ओलांडला, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता पलीकडे गेली. सारा मिनिटभराचा कारभार. पण ते रूप डोळ्यांपुढून हलत नाही.

बाहेर आल्यावर चहा घेताना मी त्या मुलीला विचारले, "तुम्हाला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "गाडीत कशाची भीती? आई मोह वेचायला जाते, तेव्हा वाटते."

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. जनावरांनी खाण्याआधी ती वेचावी लागतात, म्हणून बाया अंधारातच घर सोडतात. मेमध्ये तेंदूपत्ता असतो. दोन्ही कामे वाकून करायची. वाकलेले माणूस वाघाला जनावरासारखे भासते आणि घात होतो. चंद्रपूर जिल्ह्यात अशा बाया बळी पडल्या आहेत. जंगलालगतच्या गावांना सरकारी योजनेतून गॅस मिळाला, सरपणाची पायपीट कमी झाली. पण मोह आणि तेंदूचे पैसे हातात आल्याशिवाय घर कसे चालणार?

ती पुढे म्हणाली, "आम्ही घोळक्यानं जातो, मोठमोठ्यानं बोलत जातो." भगिनींनो, मला त्या वाक्याने गप्प केले. वाघ यावा म्हणून आम्ही मूग गिळून बसलो होतो. तो येऊ नये म्हणून तिची आई ओरडत जाते. ज्या दर्शनासाठी आम्ही पैसे मोजले, ते आज घडू नये, अशी प्रार्थना करून ती घराबाहेर पडते.

दुपारी चंद्रपुरात गोंड राणी हिराईने बांधलेले महाकालीचे देऊळ आणि पती बीरशाहची समाधी पाहिली. बीरशाह मारला गेल्यावर दत्तक मुलाच्या नावाने हिराईने राज्य सांभाळले. तिची कामगिरी दगडांत उभी आहे, म्हणून आपण हात जोडतो. मोह वेचणारीचे काम कुठे उभे राहत नाही. ते संध्याकाळी चुलीवर शिजून संपते.

वाघ राहिलाच पाहिजे, यात मला शंका नाही. पण त्याच्या शेजाराची किंमत आपण शहरात बसून देत नाही. त्या बाया देतात. म्हणून पुढच्या सहलीसाठी माझ्या दोन सूचना आहेत. "वाघ दाखवाच" असा हट्ट गाईडपाशी करू नये. आणि दरवाजाबाहेरच्या गावासाठी तासभर वेगळा ठेवावा. तेथल्या बायांच्या हातचे जेवावे, त्यांच्या वस्तू घासाघीस न करता घ्याव्यात.

आणि परतल्यावर "वाघ दिसला का?" असे कोणी विचारले, तर त्या बायांची हकीकतही सांगावी. एवढे बोलून मी आपली रजा घेते.